सोलापुरातल्या घरात डक्टेड एसी बसवताना

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या घरी यंदा मार्चमध्ये संपूर्ण घरासाठी मिळून एकच डक्टेड एसी, म्हणजे छतातल्या पत्र्याच्या वाहिन्यांतून (डक्टमधून) सगळ्या खोल्यांत हवा पोहोचवणारा एसी, बसवला. आई त्याच्याकडे असते. तिला वैशाखातली दुपार सोसत नाही आणि पौषातली पहाटही सोसत नाही, म्हणून थंड आणि गरम अशी दोन्ही प्रकारची हवा देणारे युनिट घ्यायचे ठरले. माझी नोकरीची बहुतेक वर्षे सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन प्लांटवर, म्हणजे गिरणीतल्या हवेला ओलावा देणाऱ्या यंत्रणेवर, गेली, त्यामुळे हवा ओढणे, गाळणे, थंड करणे आणि खात्यात सगळीकडे सारखी पोहोचवणे हा माझा रोजचा विषय होता. भाऊ म्हणाला, "दादा, हे काम तू उभा राहून करून घे." तसे ते करून घेतले. त्या निमित्ताने जे पाहिले आणि मोजले ते इथे लिहीत आहे, कारण आपल्या शहरात आता पुष्कळ लोक या प्रकारच्या एसीकडे वळू लागले आहेत. दुकानात बोलणे होते ते मशीनचे टन आणि किंमत यांचेच; छताच्या आत कायमचे झाकले जाणारे काम कसे व्हावे याबद्दल कोणी फारसे विचारत नाही. माझे ठाम मत असे आहे की घरातला गारवा निम्माच मशीनमध्ये असतो आणि उरलेला निम्मा ते बसवण्याच्या कामात असतो.

या व्यवस्थेचा घरातला भाग म्हणजे एअर हँडलर. पत्र्याच्या एका लांबट पेटीत ब्लोअर, तांब्याच्या नळ्यांचे कॉइल, त्याखाली पाणी गोळा करणारा ड्रेन पॅन आणि हवा आत येते त्या तोंडाशी फिल्टर असतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून खोलीतच सोडतो. एअर हँडलर मात्र साऱ्या घराची हवा एका वाटेने गोळा करतो आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत परत पाठवतो. भावाच्या घरी ही पेटी कोठीच्या खोलीच्या माळ्यावर, आडवी, छताला टांगून बसवली आहे. तिथून पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधून डक्ट जातो आणि हॉल व तीन बेडरूम यांच्या ग्रिलमधून हवा बाहेर पडते.

यावर एक रास्त प्रश्न येतो की सोलापुरात एवढे कशाला, कूलर पुरत नाही का. एप्रिल-मे महिन्यांत तो नक्की पुरतो. आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा हवा अतिशय कोरडी असते आणि अशा हवेत ओल्या पॅडमधून येणारा वारा खरोखर गार असतो. कोकणात ज्याचा काही उपयोग होत नाही, तो कूलर आपल्या उन्हाळ्यात उत्तम काम करतो. अडचण दोन ठिकाणी येते. कूलरला दिवसभर पाणी लागते, आणि आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. दुसरे म्हणजे जूनमध्ये हवेत ओलावा आला की तोच कूलर खोली दमट करू लागतो, आणि आईला दम्याचा त्रास नेमका तेव्हाच वाढतो. ज्यांच्या घरी या दोन अडचणी नाहीत त्यांनी कूलर सोडू नये असे मी मनापासून सांगेन.

आता मशीनच्या आकाराविषयी. पहिल्या ठेकेदाराने घरात पाऊल टाकले, खोल्यांच्या लांबी-रुंदीकडे नजर टाकली आणि शंभर चौरस फुटांना एक टन या हिशोबाने आठ टन सांगितले. एसी लागणारे क्षेत्र आठशे चौरस फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे त्याच्या हिशोबाने ते बरोबरच होते. पण एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता घराबाहेर काढण्याची ताकद. ती उष्णता घरात कोठून येते हे न पाहता टन ठरवणे म्हणजे ताप न मोजता औषध देण्यासारखे आहे. घर एकमजली असल्याने उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा वरून येत होता. उघड्या गच्चीचा आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते दुपार उलटल्यावर खोलीत सोडू लागतो. रात्री नऊ वाजताही पंखा गरम वारा देतो ती त्या स्लॅबचीच करणी असते. ज्यांनी आपल्या भागातली माळवदाची जुनी घरे पाहिली आहेत, त्यांना मातीच्या जाड थराखालची भर दुपारची सावली आठवत असेल. तो थर आपण काढून टाकला आणि त्याच्या जागी पाच-सहा इंच काँक्रीट आणले.

म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी गच्चीचे काम करावे, असा मी आग्रह धरला. स्लॅबवर 50 मिलिमीटर जाडीचे, उष्णता अडवणाऱ्या एक्सपीएस फोमचे तक्ते, त्यावर कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक असे तीन थर गवंड्याकडून घालून घेतले. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बाहेरून छज्जा वाढवला. यानंतर भिंती, काचा, माणसे, दिवे, फटींतून येणारी हवा असा एकेक घटक धरून उष्णतेचा हिशोब केला तेव्हा साडेपाच टनांचे युनिट पुरेल असे निघाले, आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातही ते पुरले. गरजेपेक्षा मोठे मशीन घेतले तर अधिक गारवा मिळतो ही समजूत चुकीची आहे. मोठे मशीन खोली झटपट थंड करून थांबते, आणि थांबल्यामुळे पावसाळ्यात हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार असते, पण अंथरूण दमट लागते.

साडेपाच टनांना, टनामागे चारशे या प्रचलित प्रमाणाने, मिनिटाला सुमारे 2,200 घनफूट हवा लागते. एवढी हवा आवाज न करता न्यायची तर मुख्य डक्टमध्ये तिचा वेग मिनिटाला नऊशे फुटांच्या वर जाऊ नये. म्हणजे डक्टचे तोंड अडीच चौरस फूट हवे. आम्ही 30 इंच रुंद आणि 12 इंच उंच असा जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा डक्ट केला. फॉल्स सीलिंगचे काम करणाऱ्याला ही उंची खटकली. पॅसेजचे छत फार खाली येते, डक्ट आठ इंचांचा करा, असे तो सांगत राहिला. तसे केले असते तर हवा तेवढीच राहून वेग दीडपट झाला असता, ग्रिलमधून शिटीसारखा आवाज आला असता आणि ब्लोअरवर ताण येऊन शेवटच्या खोलीत हवा पोहोचलीच नसती. छताची शोभा आणि डक्टचा आकार यांत तडजोड करायची वेळ आली तर ती छताने करावी. पॅसेजचे छत आठ फुटांवर आले आहे. तिथे कोणी बसत नाही, जाता-येताच लागते.

डक्टच्या जोडांना सीलंट लावून घेणे आणि त्यावर उष्णता अडवणारे नायट्राइल रबरचे आवरण सलग, फट न ठेवता चिकटवून घेणे ही कंटाळवाणी कामे आहेत, परंतु याच ठिकाणी सर्वाधिक हात आखडता घेतला जातो. ज्या जोडातून थंड हवा सीलिंगच्या पोकळीत गळते ती हवा आपण विजेचे पैसे देऊन थंड केलेली असते, आणि आवरणाला जिथे फट राहते तिथे पावसाळ्यात घाम धरून जिप्समवर डाग उमटतात. एअर हँडलर आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा जोड घातला आणि पेटी रबरी पॅडवर टांगली, त्यामुळे ब्लोअरचा थरकाप पत्र्यातून बेडरूमपर्यंत पोहोचत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, तो म्हणजे परतीची हवा. खोलीत हवा सोडायची सोय सगळे करतात. तिला परत येण्याची वाट ठेवायचे फार थोड्यांच्या ध्यानात येते. भावाच्या घरी परतीचे मोठे ग्रिल पॅसेजमध्ये आहे. बेडरूमची दारे उघडी असतील तोवर सारे ठीक चालते. रात्री दार लावले की त्या खोलीत मिनिटाला 450 घनफूट हवा येत राहते आणि तिला बाहेर पडायला दाराखालची पाऊण इंची फट एवढीच जागा उरते. खोली फुगते, येणारी हवा आपोआप कमी होते, आणि तिकडे एअर हँडलरला हवा कमी पडल्याने तो हॉलच्या खिडक्यांच्या फटींतून बाहेरची तापलेली, धुळकट हवा आत ओढू लागतो. माणूस मात्र म्हणतो की मशीनमध्ये गॅस कमी झाला असावा.

हे पटवण्यासाठी मी आईच्या खोलीच्या पुरवठा ग्रिलपाशी ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे यंत्र) धरून भावाला बोलावले. दार उघडे असताना वेग जेवढा दिसत होता तो दार लावताच झपाट्याने खाली आला. दाराच्या फटीशी कागदाचा कपटा धरला तर तो फडफडून बाहेरच्या बाजूला ताणला गेला. त्याच दिवशी सुताराला बोलावून तिन्ही बेडरूमच्या दारांवरच्या भिंतीत 30 इंच बाय 10 इंचाची ग्रिले बसवायचे ठरले. आवाज आणि उजेड आरपार जाऊ नये म्हणून खोलीच्या बाजूचे ग्रिल वर आणि पॅसेजच्या बाजूचे थोडे खाली घेऊन मध्ये पत्र्याची छोटी पोकळी ठेवली. गरम हवा, भिंत फोडल्याची धूळ आणि वहिनींची नाराजी हे सगळे त्यात आले, पण आता दार लावल्यावर आणि उघडल्यावर वेगात फरक दिसत नाही. घर बांधतानाच ही जागा ठेवली तर काहीच खर्च येत नाही.

पाण्याच्या वाटेविषयीही तितकेच काळजीपूर्वक लिहिले पाहिजे, कारण आपल्या हवामानात ती चूक महिनोन्महिने लपून राहते. एप्रिलमध्ये सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी जवळजवळ जमतच नाही. मशीन उत्तम चालते, ठेकेदार पैसे घेऊन जातो, आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावर अचानक सीलिंगमधून पाणी ठिबकू लागते. याचे कारण बहुतेक वेळा ड्रेनच्या नळीत पाणी धरून ठेवणारे वळण, म्हणजे ट्रॅप, नसणे हे असते. या प्रकारच्या पेटीत ब्लोअर कॉइलच्या पुढे असून तो कॉइलमधून हवा ओढून घेतो. त्यामुळे ड्रेन पॅनच्या जागी दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. बाहेरची हवा ड्रेनच्या नळीतून उलटी आत शिरू पाहते आणि पॅनमधले पाणी अडवून धरते. ब्लोअर थांबला की सारे पाणी एकदम उतरते. नळीत यू आकाराचे वळण देऊन त्यात पाणी साठू दिले म्हणजे ते पाणी हवेला अडवते आणि मागून येणारे पाणी वाहते राहते.

आमच्याकडे आलेला मेकॅनिक हाताचा सफाईदार होता, तांब्याच्या नळीचे फ्लेअर (जोडासाठी पसरवलेले टोक) तो सुरेख करत असे, पण त्याने ड्रेनची नळी सरळच काढली होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, पाणी जातंय की सरळ, ट्रॅप कशाला पायजे?" आणि त्याने पॅनमध्ये तांब्याभर पाणी ओतून दाखवले; ते लगेच न्हाणीघरात उतरले. मग मी ब्लोअर पूर्ण वेगावर सुरू करायला सांगितला, पेटीचे झाकण बसवले आणि बाजूच्या तपासणीच्या भोकातून नळी घालून पुन्हा तेवढेच पाणी सोडले. न्हाणीघरातल्या नळीच्या तोंडाशी त्याने हात धरला होता. पाणी आले नाही. उलट त्याचा तळहात नळीकडे ओढला जात होता. ब्लोअर बंद केल्याबरोबर पाणी भसकन आले. तो काही बोलला नाही, पाइप कापायला घेतला. पॅनच्या तोंडापासून ट्रॅपची बाहेरची बाजू दोन इंच खाली आणि ट्रॅपमध्ये दीड इंच पाणी राहील असे वळण त्याने केले, पुढच्या नळीला मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला, आणि त्याच चाचणीत पाणी न थांबता वाहिले. परवा त्याचा फोन आला होता. होटगी रोडच्या एका घरी गळती काढायला गेल्यावर त्याने पहिल्यांदा ट्रॅपच पाहिला असे सांगत होता.

यात सोलापूरसाठी एक पुरवणी आहे. उन्हाळ्यात कॉइलमधून पाणी येत नाही म्हणून ट्रॅपमधले पाणी वाळून जाते आणि मग न्हाणीघराच्या मोरीचा वास थेट डक्टमधून घरभर पसरतो. फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत अधूनमधून ट्रॅपमध्ये पाणी ओतण्यासाठी वर एक बुचाचे तोंड ठेवावे. शिवाय पेटीखाली पत्र्याचा दुसरा मोठा पॅन आणि त्यात फ्लोट स्विच बसवला आहे; पाणी चुकून तिथे जमलेच तर मशीन आपोआप थांबते.

तांब्याच्या नळ्यांच्या कामावर थोडक्यात लिहितो. ब्रेझिंग, म्हणजे नळ्यांचे जोड तापवून डाग देण्याचे काम, चालू असताना नळीतून कोरडा नायट्रोजन सोडत राहावे, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि पुढे ती बारीक झडपांत अडकते. जोड झाल्यावर नायट्रोजनचाच दाब भरून तो रात्रभर टिकतो का ते पाहावे. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा आणि ओलावा काढावा, आणि आतला दाब 500 मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) उतरल्याचे मीटरवर स्वतः पाहावे. केवळ गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची जुनी रीत आजही काही जण वापरतात; ती मान्य करू नये.

बाहेरचे युनिट गच्चीवर आहे. मशीनवर लिहिलेले टन हे बाहेर 35 अंश असताना मोजलेले असतात, आणि आपल्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी त्याहून पुष्कळ अधिक तापमान असते; तिथे मशीनची ताकद कमी होते आणि वीज जास्त लागते. म्हणून त्याच्यावर उंच, चारही बाजूंनी मोकळा असा पत्र्याचा छप्पर-आडोसा केला. बाजूंनी जाळी किंवा ताडपत्री लावू नये, कारण युनिटने टाकलेली गरम हवा तिथेच घुटमळून पुन्हा आत ओढली जाते. उन्हात उघड्या राहणाऱ्या नळ्यांच्या रबरी आवरणावर पत्र्याचे कवच घातले. नुसते रबर आपल्या उन्हात काही उन्हाळ्यांतच भुगा होते. घराचा मंजूर वीजभार वाढवून थ्री-फेज जोडणी घ्यावी लागली, ती कागदपत्रे मशीन येण्याच्या बरीच आधी सुरू करावीत.

गरम हवेची गोष्ट आपल्याकडे सोपी आहे. थंड प्रदेशांत एअर हँडलरमध्ये विजेच्या तापणाऱ्या तारांची जोड देतात. सोलापुरात तिची गरज नाही. मशीनमधली एक झडप गॅसचा प्रवाह उलटा करते, मग बाहेरचे युनिट हवेतली उष्णता गोळा करून आत आणते. तापलेल्या तारेतून एका युनिट विजेला एक युनिटच उष्णता मिळते, तर या पद्धतीने सुमारे तिप्पट मिळते. आपल्या पहाटा फार गोठवणाऱ्या नसल्याने बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरण्याचा प्रश्नही सहसा येत नाही. एक मात्र लक्षात ठेवावे की गरम हवा हलकी असते आणि छताच्या ग्रिलमधून आली तर वरच तरंगत राहते. म्हणून आईच्या खोलीत पाती खाली वळवता येतील असे ग्रिल घेतले आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, पाती खाली आणि एप्रिलमध्ये पुन्हा आडवी करायची. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट 26 अंशांवर ठेवून पंखा हळू चालवला की आईला पुरेसे होते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने 2020 पासून घरगुती एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम केला आहे, आणि त्याच्याही वर दोन अंश राहणे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सहज जमते.

1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूर सुतावर वाढले. हवेवर ताबा ठेवण्याची विद्या जगातही आधी कारखान्यांतच वाढली. 1902 मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यातला कागद ओलाव्याने फुगू नये म्हणून यंत्रणा उभारली, आणि 1906 मध्ये स्टुअर्ट क्रॅमर अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत हवेला ओलावा देण्याचे तंत्र बसवत होता. आमच्या गिरणीतही हवा कोरडी पडली की धागा तुटायचा आणि साऱ्या पाळीची दमछाक व्हायची, म्हणून फिल्टर आणि वाऱ्याचा वेग यांची नोंद वहीत रोज होत असे. घरात तेवढी शिस्त कोणी पाळणार नाही हे मला मान्य आहे, पण फिल्टर धुणे चुकवू नये. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांमुळे हवेत कापसाचे तंतू असतात, जुळे सोलापुरात बांधकामांची धूळ असते, आणि मार्च ते मे या काळात पंधरा दिवसांत फिल्टरवर करड्या गोधडीसारखा थर बसतो. तो थर हवा अडवतो, हवा अडली की कॉइल गरजेपेक्षा थंड होऊन त्यावर बर्फ धरतो.

फिल्टर काढण्यासाठी सीलिंगला ठेवलेले झाकण किमान दोन फूट बाय दोन फुटांचे असावे आणि ते बिजागरीचे असावे, स्क्रूचे नसावे. स्क्रू काढायचे म्हटले की काम पुढच्या रविवारवर जाते. भावाच्या घरी परतीच्या ग्रिललाच बिजागरी लावून फिल्टर त्याच्या आत ठेवला आहे, त्यामुळे स्टुलावर चढून वहिनी तो स्वतः काढतात, गच्चीवर नळाखाली उलट्या बाजूने धुतात, सावलीत वाळवतात आणि परत बसवतात. कॉइल मात्र वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, मेकॅनिककडून धुऊन घ्यायचे आणि त्याच वेळी ब्लोअर चालू ठेवून ड्रेनची पाण्याची चाचणी पुन्हा करायची असे त्याच्याशी लेखी ठरवून घेतले आहे.